काटकोन सरांचा आवाज कपाटात

काटकोन सरांचा आवाज गेला तो भरदिवसा गेला, त्यांच्याच मर्जीनं गेला, आणि नेणारा वर "थँक्यू सर, फार क्लिअर आवाज आहे तुमचा" असं म्हणून गेला. घरात चोर शिरला तर माणूस निदान ओरडतो तरी. इथं ओरडायचं साधनच चोरीला. करणार काय?

सरांना पोरं काटकोन म्हणायची, कारण ते फळ्यापाशी असे उभे राहायचे की भिंतीला स्वतःचा पोक जाणवावा. सातवीला गणित शिकवायचे. आवाज असा, की वरच्या मजल्यावर त्यांनी "शांत बसा" म्हटलं की खालच्या बालवाडीतली झोपलेली पोरं उठून शांत बसायची. आणि मोबाईल म्हणजे सरांचा हाडवैरी. कुणाच्या दप्तरात नुसतं गुरगुरलं तरी सर गरजायचे, "मोबाईल जप्त! वर्गाबाहेर!" एकदा एकाचं पोट गुरगुरलं, तर तोही बाहेर. असं सांगतात, आणि सांगणारे खोटं कशाला सांगतील?

तर अशा माणसाच्या वर्गात टॅब आले. काळे, गुळगुळीत, प्रत्येक पोरापुढे एकेक. त्यांच्याबरोबर कंपनीचा एक माणूस आला. त्याच्या गळ्यात टाय होता आणि तोंडात साखर.

"सर," टायवाला म्हणाला, "टॅबमध्ये शिकवणारा आवाज लागतो. कंपनीचा आवाज आहे, पण तो फार गोड. पोरं झोपतात. तुमचा घेऊ का?"

"माझा? त्या डबड्यात?"

"म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी वर्ग चालेल."

"मी रजा घेत नाही."

टायवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "सर, इतक्या शाळा फिरलो. असा आवाज कुठं ऐकला नाही हो."

झालं. डोंगर विरघळला. सरांनी टायवाल्याकडे पहिल्यांदाच माणूस म्हणून पाहिलं.

आवाज भरायला प्रयोगशाळेमागची खोली दिली. तिथं बरण्यांमध्ये पांढरेफटक बेडूक, कोपऱ्यात तारेला टांगलेला हाडांचा सांगाडा, आणि टेबलावर टायवाल्यानं ठेवलेली काळी डबी. डबीवर एक तांबडा दिवा. शाळा सुटली, की सगळ्या इमारतीत सर, सांगाडा आणि तो दिवा.

"रोज जे बोलता ते सगळं बोला सर," टायवाल्यानं बजावलं होतं. "एक वाक्य राहिलं तर मशीन अडखळतं."

इथंच घात झाला. दुसरा कुणी असता तर चार धडे वाचून, दोनदा खोकून घरी गेला असता. पण काटकोन सरांनी आयुष्यात पोर्शन अर्धवट सोडला नव्हता. तापानं फणफणले तरी पोर्शन पूर्ण, शाळेचं छप्पर गळलं तरी छत्री धरून पोर्शन पूर्ण. त्यांनी सगळे धडे भरले. मग ओरडे भरले, सौम्यापासून जहालापर्यंत क्रमानं. मग स्टाफरूममधलं बोलणं, "आमच्या वेळी असं नव्हतं" वगैरे. तेही संपलं तेव्हा मान वर करून बसले, आठवलं, आणि घरचं बोलणं भरायला घेतलं. "चहा." "माझा चष्मा कुणी हलवला?" "मी सांगितलं होतं." "तुला काय कळतं त्यातलं?" "बघू." राँग नंबर आला तर काय म्हणतात तेही भरलं. दुकानदाराला काय म्हणतात, शेजाऱ्याला काय म्हणतात, आरशाला काय म्हणतात, सगळं.

भरता भरता एक गोष्ट सरांच्या ध्यानात आली होती. सुरुवातीला त्यांचा आवाज बरण्यांवर आपटून परत यायचा. पुढं पुढं येईनासा झाला. बोललेला शब्द तोंडातून निघायचा आणि तिथल्या तिथं कुणीतरी झेलल्यासारखा नाहीसा व्हायचा. शिवाय सांगाड्याचा जबडा रोज थोडा जास्त उघडा दिसे. सरांनी त्याचा दोष ढिल्या तारेला दिला आणि पुढचं वाक्य घेतलं.

शेवटी एक दिवस ते म्हणाले, "संपला पोर्शन." तांबडा दिवा एकदा मिचकला आणि विझला. सर उठले, आणि इतक्या दिवसांची सोबत म्हणून सांगाड्याला "चला, येतो" म्हणायला तोंड उघडलं.

काही आलं नाही. फुसकन हवासुद्धा आली नाही. सांगाड्याचा जबडा मात्र मिटलेला होता.

घरी बायकोला आधी वाटलं, रुसलेत. "आता मी काय केलं?" तिनं विचारलं. सरांनी हातवारे केले. "मीठ जास्त झालं का?" सरांनी जोरात मान हलवली. "मग कमी झालं?" जेवण होईपर्यंत तिनं सगळे जिन्नस विचारून पाहिले. मग भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की घरात शांतता आहे, आणि ती गाणं गुणगुणतेय. ती दचकून थांबली. हात पुसत बाहेर आली. "अहो, खरंच येत नाहीये का आवाज?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगला बातमी लागली आणि सल्ल्यांची रीघ सुरू झाली. शेजारच्या शिवणवाल्या काकू मीठपाण्याचा तांब्या घेऊन आल्या. वरचे रिटायर पोस्टमास्तर वाफेचं भांडं घेऊन आले. काकू म्हणाल्या, वाफेनं घसा सुजतो. पोस्टमास्तर म्हणाले, मीठपाण्यानं आवाज बसतो.

"अहो, तो बसलेलाच आहे!" काकू म्हणाल्या.

"बसलेला नाही वहिनी, गेलेला आहे. बसलेला आणि गेलेला यात फरक असतो. पार्सलमध्ये तर फारच असतो."

"माझ्या भाच्याचा फोन असाच गप्प झाला होता. बंद करून परत चालू केला, लागला बोलायला. भाऊजींना एकदा झोपवून उठवा."

झोपवलं, उठवलं. पडदे ओढून झोपवलं, पडदे उघडून उठवलं. सर उठून बसले आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे असे पाहू लागले, जसं ते तोंड उघडल्यावर आतून कंपनीचं चिन्ह उमटणार होतं. सरांच्या अब्रूचं जे काही शिल्लक होतं, ते पांघरुणात गुंडाळलं गेलं.

मग घशाचा डॉक्टर. त्यानं बॅटरी टाकली, आरसा घातला, "आ" म्हणायला लावलं. सरांनी "आ" म्हटलं. नुसता आकार झाला.

"घसा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला. "अगदी न वापरल्यासारखा." मग त्यानं स्टेथोस्कोप गळ्याला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. त्यानं नळी कानातून काढली, पुसली, आणि सरांच्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाला, "आत फार शांत आहे हो. एखादं घर रिकामं करून गेलेत ना, तसं."

इकडे शाळेत सातवीचा वर्ग धडाक्यात सुरू होता. सर वर्गात शिरले तर सगळी पोरं माना घालून बसलेली, आणि वर्गभर काटकोन सर बोलत होते. प्रत्येक टॅबमधून तोच आवाज, पण एकाच ठोक्यात नाही. एक टॅब अर्धा शब्द पुढं, दुसरा अर्धा मागं, विहिरीत हाक मारल्यासारखं. "अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागताना खालचा वर, वरचा खाली, आणि गुणा. समजलं? ...मजलं? ...जलं?"

सर खऱ्या वर्गात "समजलं?" म्हणायचे ते श्वास घ्यायला. उत्तराला कधी थांबले नाहीत. हे टॅब मात्र थांबायचे. काचेवर 'हो' आणि 'नाही' उमटायचं, आणि बोट टेकेपर्यंत तो आवाज गप्प राहून वाट पाहायचा. सरांना तो गप्पपणा पाठीवर जाणवायचा. आपलंच कुणीतरी आपल्या मागं उभं राहून वाट पाहतंय, तसा.

फायदा नव्हता असं नाही हं. पाय मोडून घरी पडलेली मुलगी घरी बसून धडा ऐकत होती. आणि शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, कुजबुज नावाची. नाव कुठलं, पोरांनी पाडलेलं. ती इतकी हळू बोलायची की हजेरीलासुद्धा शेजारणीला तिच्यावतीनं "हजर" ओरडावं लागे. तिनं वर्षभरात कधी शंका विचारली नव्हती. ती आता रोज बोटानं 'नाही' दाबत होती. टॅब भुवई चढवत नव्हता, कुणी फिदीफिदी हसत नव्हतं. आवाज पुन्हा सुरू व्हायचा. "खालचा वर, वरचा खाली, आणि गुणा. समजलं?" तिनं पुन्हा 'नाही' दाबलं. "खालचा वर, वरचा खाली." पुन्हा. त्याच शब्दांत, त्याच सुरात, मधल्या त्याच खोकल्यासकट. सर तिच्या मागं उभे राहून पाहत होते. मुलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं आणि त्यांचा स्वतःचा आवाज तिला शांतपणे तेच तेच सांगत होता.

सरांनी खडू उचलला. फळ्यावर काहीतरी लिहायला गेले. पण वर बघायला कोण होतं? सगळ्या माना खाली. सर स्वतःच्याच वर्गात हॅट अडकवायच्या खुंटीसारखे उभे राहिले.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. टॅब कोपऱ्यातल्या कपाटात चार्जिंगला लावलेले. बाहेर ऊन रणरणत होतं, मैदानावरून पोरांचा कल्ला येत होता, आणि कपाटाच्या आतून कुणीतरी बोलत होतं. हळू, आपसात.

"शांत बसा." जरा वेळ गेला. "आमच्या वेळी असं नव्हतं." जरा वेळ. "मी सांगितलं होतं."

सरांनी दार ओढलं. आत अंधारात हिरवे दिवे, ओळीनं, पापणी न मिटणारे. गप्प. सरांनी दार लावलं. आतून लगेच आवाज आला:

"कोण आहे रे तिकडे?"

सरांची पाचावर धारण बसली.

"उत्तर न देणाऱ्यानं उभं राहायचं."

सर उभेच होते, तरी ते आणखी उभे राहिले.

त्याच दिवशी मुख्याध्यापिका मॅडमनी बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या, फक्त त्यांना वरून सारखं कुणीतरी काहीतरी विचारत असे. "सर, सोमवारी तपासणी साहेब येताहेत. त्यांना ऐकायचंय, शिक्षणात मोबाईलचे फायदे आणि तोटे. तुम्ही बोलायचं, तुमच्याच वर्गात. बोललात तर वर्ग तुमचा. नाही बोललात, तर साहेब म्हणतील, टॅब बोलतोच आहे, मग सर कशाला? मग तुम्हाला खाली सामानाच्या खोलीत बसवावं लागेल. नकाशे गुंडाळायला." त्यांनी नजर खाली केली. "मला नाही आवडणार सर. पण मला वर उत्तर द्यावं लागतं."

सरांना वर्गाशिवाय आयुष्यात दुसरं काही येत नव्हतं. चहासुद्धा येत नव्हता.

म्हणून रविवारी सकाळी त्यांनी घरून कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. शाळेतून एक टॅब पिशवीत घालून आणला होता, लागला तर असावा म्हणून. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडून कुणीतरी उचलला.

"नमस्कार. तक्रार थोडक्यात सांगा. पाल्हाळ नको."

सर टेबलापासून मागं सरकले. तो त्यांचाच आवाज होता. कंपनीला आवडला असावा, तिनं सगळीकडे लावून टाकला होता.

"आवाजाची तक्रार असेल तर ओळख पटवण्यासाठी स्वतःच्या आवाजात नाव सांगा."

आता आली का पंचाईत! आवाज परत हवा, तर आधी आवाज दाखवा. सर तोंड उघडून मिटत राहिले, काचेच्या भांड्यातल्या माशासारखे.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं. जेवला नाहीस का?" फोन म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "बाकावर उभा राहा."

हा ओरडा जहाल गटातला. सरांनी स्वतः भरलेला. त्यात अशी काही जरब होती की सर गुमान सोफ्यावर चढले आणि मान खाली घालून उभे राहिले.

तेवढ्यात बायको बाहेर आली. पाहते तो नवरा सोफ्यावर उभा, आणि फोनमधून नवराच त्याला झापतोय. तिनं एकदा वर पाहिलं, एकदा टेबलावर पाहिलं. मग टेबलाशी वाकून घाबऱ्या आवाजात विचारलं, "अहो, तुम्ही तिकडे कसे गेलात?"

"माझा चष्मा कुणी हलवला?" फोन म्हणाला.

"तुमच्या डोळ्यांवर आहे!" बायको सवयीनं म्हणाली, आणि मग तिनं पदर तोंडाला लावला.

वाफेचं भांडं परत न्यायला आलेले पोस्टमास्तर दारात उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. ओळखच पटवायची आहे ना? तुमच्या पिशवीत सरांचा आवाज आहे की. लावा त्याच्या तोंडाला."

कल्पना बिनतोड होती. सर सोफ्यावरून उतरले, टॅब काढला, नावाच्या ठिकाणी बोट दाबलं. टॅबनं खणखणीत नाव सांगितलं.

"ओळख पटली," फोन म्हणाला. "कसं काय?"

"चाललंय," टॅब म्हणाला.

"आमच्या वेळी असं नव्हतं."

"नव्हतंच."

सगळ्यांनी सरांच्या हाताकडे पाहिलं. सरांचं बोट टॅबवर नव्हतं. त्यांनी हात पाठीमागं बांधले होते. टेबलावर ते दोघं एकमेकांकडे काचा करून पडले होते आणि पेन्शनर बाकावर बसतात तसे गप्पा मारत होते. भाजी बेचव असल्याचं बोलले. शेजाऱ्यांच्या भोचकपणावर बोलले, तेव्हा पोस्टमास्तरांनी खोकून भांडं उचललं. सर मधे पडायला धावले, हातवारे करू लागले, पण फोनला हातवारे दिसत नाहीत.

शेवटी फोन म्हणाला, "आवाज मालकाला परत पाठवायचा का?"

टॅब जरा थांबला. "हे मागंच होऊन गेलंय," तो म्हणाला. "पुढं चला."

"तक्रार निकाली," फोन म्हणाला आणि बंद झाला.

सरांची बायको हळूच खुर्चीत टेकली. बराच वेळ त्या टॅबकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अहो, राग नका मानू. पण तुम्ही घरात जे बोलायचात ना, ते सगळं त्यात आलंय. मी कान देऊन ऐकलं. काही म्हणता काही राहिलं नाही." आणि ती का रडतेय हे सरांना कळलं नाही. विचारायचं म्हटलं तर विचारणार कशानं?

सोमवार उजाडला. तपासणी साहेब आले. अंगानं भरलेले, चालताना जमिनीला दम भरणारे. मॅडम त्यांच्या मागं हात चोळत उभ्या. पोरं टॅबसमोर चिडीचूप. सरांनी कोट घातला होता, केस चापून बसवले होते आणि तोंड घट्ट मिटलं होतं.

"हं, बोला सर," साहेब म्हणाले. "फायदे आणि तोटे."

सरांनी तोंड उघडलं.

वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मॅडमनी डोळे मिटले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आणि त्या शांततेत साहेबांच्या खिशात काहीतरी गुरगुरलं.

वर्गातले सगळे टॅब एकदम उजळले. या खेपेला एकही अक्षर मागं-पुढं नव्हतं. सगळे मिळून एकाच तोंडानं गरजले:

"मोबाईल जप्त! वर्गाबाहेर!"

साहेब उडालेच. खिडक्यांची तावदानं थरथरली. खाली बालवाडीतली पोरं उठून बसली असणार.

"कोण बोललं?" साहेबांनी विचारलं.

"उलट उत्तर देतोस? अंगठे धर!"

आणि सांगू नये पण सांगते, साहेब कमरेतून थोडे वाकले. शाळेत शिकलेलं शरीर विसरत नाही. मग ते भानावर आले, सरळ झाले, आणि लालबुंद होऊन मॅडमना म्हणाले, "बंद करा हे!" मॅडमनी बटणं दाबली. टॅब बंद होईनात. कुणी "आमच्या वेळी", कुणी "मी सांगितलं होतं", कुणी "चहा" म्हणत होतं. चौफेर काटकोन सर बोलत होते आणि मधोमध काटकोन सर मुके उभे होते, पांढरे पडलेले. भिंतींतून, बाकांखालून, पोरांच्या हातांतून आपणच आपल्यावर चालून येतोय, असं त्यांना वाटत होतं.

शेवटी एकेक टॅब "समजलं?" म्हणाला आणि गप्प झाला. सगळे वाट पाहू लागले.

"नाही."

इतकी हळू होती ती हाक की आधी कुणाला कळलंच नाही कुठून आली. शेवटच्या बाकावरची कुजबुज उठून उभी राहिली होती. तिनं टॅब पालथा घातला होता आणि ती थेट सरांकडे पाहत होती.

"सर, मला नाही समजलं. रोज ऐकते. उलटा करायचा हे पाठ झालं. पण का उलटा करायचा? खालचा वर का न्यायचा?"

साहेबांनी सरांकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्या पोरांच्या माना वर झाल्या.

सरांनी हा प्रश्न आयुष्यात ऐकला नव्हता. म्हणजे कुणाच्या मनात आलाही असेल, पण ते थांबले कुठं होते ऐकायला? त्यांनी डोक्यात उत्तर शोधलं. खालचा वर, वरचा खाली. त्यामागं काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाला होता तसं रिकामं घर. आणि कधी नव्हे ते खरं खरं जे मनात आलं, ते ओठांवर आलं.

"मला माहीत नाही."

खरखरीत, पातळ, कुडकुडणारा आवाज. पण आवाज! सरांनी गळ्याला हात लावला. पुन्हा म्हणून पाहिलं, "मलाही नाही समजलेलं. कधीच."

टॅब गप्प. कपाटही गप्प. असणारच. हे वाक्य त्यांच्याजवळ नव्हतंच. सरांनी बोललेलं सगळं त्या काळ्या डबीनं धुऊन नेलं होतं, पण जे कधी बोललेच नव्हते ते नेणार कुठून? ते होतं तिथंच, घशाच्या तळाशी, कोरं करकरीत.

"मलाही माहीत नाही," साहेब पुटपुटले, आणि मग 'आपण हे मोठ्यानं बोललो का' म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

सरांनी खडू घेतला. "बघू या का मिळून?" हेही नवंच वाक्य. जपून, मोडेल की काय अशा बेतानं ते बोलत होते. "अर्ध्याला पावानं भागायचं. म्हणजे... अर्ध्यात पाव कितीदा मावतो, तेच ना?" त्यांनी खडू कुजबुजच्या हातात दिला. "तू तोड."

तिनं आख्ख्या खडूचे पाव पाव तुकडे केले. टेबलावर मांडले. "आख्ख्यात चार," ती म्हणाली.

"बरं. आणि अर्ध्यात?"

"चाराच्या निम्मे." ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "सर, एक चतुर्थांशचे चार इथून आले! आख्ख्यात किती मावतात, तोच तो आकडा! म्हणून खालचा वर! आणि आपल्याकडे अर्धाच आहे, म्हणून अर्ध्यानं गुणायचं!" ती हे शेजारणीची मदत न घेता ओरडली, आणि सबंध वर्गाला ऐकू गेलं.

साहेब वाकून खडूचे तुकडे बघत होते. कोटाला पांढरं लागलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांना हुद्दा आठवला. "ते ठीक आहे. पण तुमचे फायदे-तोटे? मला काहीतरी वर कळवावं लागेल."

सरांनी भाषण पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य ओठांवर येईना, कारण ते सगळं त्यांनी पूर्वी कितीदा झोडलेलं होतं. ते गोंधळले. मग हळूहळू म्हणाले, "फायदा असा साहेब, की मला माझं बोलणं ऐकायला मिळालं."

"आणि तोटा?"

"तोच."

साहेबांनी बराच वेळ मान डोलावली. वर्ग सरांकडे राहिला. टॅब कपाटात राहिले. कुणी आजारी पडलं तर एक टॅब त्याच्या घरी जातो, आणि कुणाला तेच तेच ऐकायचं असेल तर भिंतीशी बसून ऐकता येतं. कपाटाला मॅडमनी कुलूप लावलंय. तरी मधल्या सुट्टीत त्याच्याजवळून जाताना पोरं अजून पावलं न वाजवता जातात. आत कुणीतरी दबक्या आवाजात हजेरी घेत असतं, आणि या वर्गात नसलेल्या पोरांची नावं घेतं. आणि आतूनच कुणीतरी "हजर" म्हणतं.

सर घरी आले. बायको स्वयंपाकघरात होती. सवयीनं त्यांनी चहा मागायला तोंड उघडलं, तर काही नाही. शब्द कपाटात होता. "बघू" म्हणायला गेले, तेही नाही. चष्म्याबद्दलही नाही. दारात उभं राहून ते आठवत राहिले, आपण या बाईला काय काय म्हटलेलं नाही. बरंच निघालं.

"तू बस," ते म्हणाले. "आणि सांग."

तिच्या हातातून झाकण पडलं. ते फिरत फिरत लांब गेलं आणि भिंतीला लागून थांबलं, तोवर ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिनं काही न बोलता आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि डॉक्टरला फोन लावला.

"डॉक्टर, आवाज आलाय," ती कुजबुजली. "पण तो यांचा नाही."

"म्हणजे? काय म्हणताहेत ते?"

"म्हणाले, तू बस आणि सांग."

पलीकडे डॉक्टरनं दवाखान्याचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ताई, औषध नको. आणि कुणाला बोलू नका, नाहीतर माझी बायको मलाही आवाज घालवून यायला पाठवेल."

ती बाहेर आली. सर खुर्चीच्या कडेवर बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. ती समोर बसली. एकदा दरवाजाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि जरा सावधपणे विचारलं, "कुठून सांगू?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "तुला हवं तिथून."

तिनं सांगायला सुरुवात केली. शिवणवाल्या काकूंचं घर भिंतीला भिंत लागून. त्या म्हणतात, अजून चाललंय.